गाडी खाली, गल्ला खाली : हॅचबॅकच्या कॉइलओव्हरचा हिसाब

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या स्प्रिंगांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्यातील पुष्कळ लहान व्यापारी आज हॅचबॅक मोटारीतूनच माल नेतात, आणि त्या मोटारी दुरुस्त करणारे हातही पुष्कळ ठिकाणी आपल्याच मुलांचे आहेत. म्हणून हा विषय दुकानाचाही आहे आणि गॅरेजचाही.

अमरावतीहून नागपूरकडे जाताना सुमारे ३५ किलोमीटरवर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा आश्रम. महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. दरवर्षी पुण्यतिथीच्या महोत्सवास गावोगावचे लोक येतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे मौन पाळून श्रद्धांजली वाहतात. महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत सर्व धर्मांच्या माणसांना जागा आहे, आणि महोत्सवाच्या बाजारातही ती आहे. पांढरे कापड, टोप्या, पंचे, चादरी असा माल घेऊन आम्हीही तेथे जातो.

एका वर्षी माझा पुतण्या गाडी घेऊन आला तेव्हा ती पहिल्यापेक्षा चार बोटे खाली बसलेली दिसली. मी विचारले, "हे काय केलेस?" तो म्हणाला, "चाचा, कॉइलओव्हर बसवलेत. आता गाडी वळणावर झुकत नाही." पैसे कोठून आणले, हे त्या वेळी त्याने सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही. डिकीत व मागच्या सीटवर प्रत्येकी ३५ किलोचे चार गठ्ठे टाकून आम्ही निघालो.

हमरस्त्यावर गाडी खरोखर छान चालली. आश्रमाच्या बाजूला वळून पहिला गतिरोधक आला आणि खालून धाडकन आवाज झाला. दुसऱ्यावर पुन्हा तोच आवाज, आणि त्यासोबत जळक्या रबराचा वास. जवळच्या एका मिस्त्रींना बोलावले. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवला आणि मला म्हणाले, "सेठ, बोट लावून पाहा." टायर बाहेरून नवा दिसत होता. आतल्या कडेला मात्र तार उघडी पडली होती. चाक हवेत उचलताच मागची स्प्रिंग आपल्या जागेत खुळखुळत होती. त्याच टायरवर आम्ही ताशी ८० च्या वेगाने आलो होतो. अल्लाहने वाचवले, एवढेच म्हणतो.

कॉइलओव्हर म्हणजे काय?

जुन्या मोटारींना बैलगाडीच्या कमानीसारखे पाटे असत. अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांनी शॉकअप आणि त्याभोवतीची गोल स्प्रिंग यांचा एकच खांब बनवला, आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या मोटारींतून तो जगभर पसरला. आज आपल्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या चाकांना हाच खांब आहे. स्विफ्ट, पोलो, आय-२० यांसारख्या गाड्यांत मागे मात्र आडवी तुळई असते, आणि तेथे स्प्रिंग वेगळी व शॉकअप वेगळा बसतो.

बाजारातील कॉइलओव्हर सेटमध्ये शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवरची कडी फिरवली की गाडी वर किंवा खाली घेता येते. चांगल्या सेटमध्ये शॉकअपचा कडकपणा टक-टक आवाज करणाऱ्या बटणाने कमी-जास्त करता येतो. जर्मनीची बिल्स्टीन व केडब्ल्यू, जपानची टाईन, तैवानची बीसी रेसिंग ही यातली नावाजलेली नावे. वस्तू उत्तम आहे यात शंका नाही. प्रश्न इतकाच की ती कोणासाठी बनली. शर्यतीच्या गाडीत रोज एकच माणूस बसतो आणि वजन ठरलेले असते. त्या ठरलेल्या वजनावर उंची आणि कडकपणा बेतायचा, हे या वस्तूचे खरे काम. व्यापाऱ्याच्या गाडीचे वजन सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरे.

थोडे गणित

हिशेब सोपा ठेवू. समजा, मागची प्रत्येक मूळ स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला २ किलो वजन घेते. दोन्ही मिळून ४ किलो. मागे १६० किलो माल टाकला की गाडी ४० मिलिमीटर बसेल. रिकाम्या गाडीत दबायला ८० मिलिमीटर जागा असेल, तर खड्ड्यासाठी अजून ४० उरतात.

आता दुप्पट कडक स्प्रिंग घेतली आणि गाडी ४० मिलिमीटर खाली केली. जागा आधीच ४० वर आली. त्याच मालाने गाडी २० मिलिमीटर बसेल आणि खड्ड्यासाठी उरतील फक्त २०. स्प्रिंग कडक असली तरी मोठ्या धक्क्याला एवढी जागा पुरत नाही. रबरी ठोकळ्यावर आपट बसते आणि तो मार शॉकअप, पत्रा आणि आपल्या कमरेवर येतो. माल उतरवून रिकामे परतताना तीच कडक स्प्रिंग गाडीला उडवते.

गतिरोधकाचे सरकारमान्य माप १० सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी असे आहे. गावातले गतिरोधक पुष्कळदा उंच व अरुंद असतात. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला. हमरस्ते सुधारले, हे खरेच. परंतु आपला माल विकला जातो तो हमरस्ता सोडून आत वळल्यावर.

बसवणाऱ्या मिस्त्रींसाठी

तरीही हौसेचा ग्राहक येणारच, आणि काम करायचे तर ते अमानत समजून करावे. पुतण्याच्या गाडीत सेट वाईट नव्हता, बसवणे अर्धवट होते. मोझरीच्या उस्तादांनी आपल्या शागिर्दाला दाखवत जे सांगितले, ते येथे देतो.

एक, खोलण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतची उंची रिकाम्या गाडीत आणि नेहमीच्या वजनासह मोजून लिहून ठेवावी.

दोन, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये, भक्कम स्टँड लावावेत. मूळ खांबाची वरची नट स्प्रिंग दाबून धरणाऱ्या क्लॅम्पशिवाय कधीही खोलू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

तीन, पुढचा खांब काढताना ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि लिंक रॉड आधी मोकळे करावेत. चाकाचा भाग ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये.

चार, गाडी खाली घेण्यासाठी स्प्रिंगची कडी इतकी उतरवू नये की चाक लोंबताच स्प्रिंग सैल पडेल. ज्या सेटमध्ये खालचा भाग वेगळा फिरतो, त्यात उंची तेथूनच ठरवावी. शेवटी लॉकची कडी घट्ट करावी.

पाच, रबरी बुशांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यानंतरच पूर्ण आवळावेत. हवेत आवळले तर बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

सहा, उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो. म्हणून अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या हाती देऊ नये, हेडलाइटही तपासावा. दोनतीनशे किलोमीटर चालल्यावर बोल्ट, उंची आणि अलाइनमेंट पुन्हा पाहावे. आमच्या टायरची तार उघडी पडली ती हेच काम न केल्यामुळे.

कायदा आणि पर्याय

सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ रोजी असा निकाल दिला की मूळ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी आर.टी.ओ. आणि विमा कंपनी दोघांना विचारावे. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नाही.

आणि गाडी झुकते, हलते, आवाज करते म्हणून कॉइलओव्हर घेऊ नयेत. बहुधा तो थकलेल्या शॉकअपचा, फाटलेल्या बुशांचा किंवा खांबावरच्या माउंटचा दोष असतो. कंपनीचे मूळ भाग नवे टाकले तर कॉइलओव्हरच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात काम होते. टायरमधील हवा दारावरच्या चिठ्ठीत भरल्या गाडीसाठी दिली आहे तेवढी ठेवावी. माल त्याहून अधिक असेल तर टेम्पो करावा. टेम्पोचे भाडे हा खर्च आहे, आपटलेली गाडी हे नुकसान आहे.

त्या दिवशी आमचे गठ्ठे टेम्पोने बाजारात गेले. पुण्यतिथीचे मौन सुटल्यावर पुतण्याने मान खाली घालून सांगितले की, सेटचे पैसे त्याने दुकानाच्या गल्ल्यातून, महोत्सवाच्या मालासाठी ठेवलेल्या रकमेतून घेतले होते. त्यामुळेच त्या वर्षी चादरींचा माल कमी भरला होता आणि मी उगाच ठोक व्यापाऱ्याला दोष देत होतो. घरी माळ्यावर पडलेले मूळ शॉकअप नव्या बुशांसह परत बसवले. कॉइलओव्हरचा सेट निम्म्या भावात गेला. उरलेली रक्कम तो दर महिन्याला आपल्या पगारातून गल्ल्यात टाकत राहिला आणि दोन वर्षांत हिसाब बरोबर झाला.

मी त्याला रागावलो नाही. तरुण वयात गाडीची हौस असणारच, आणि हौस करणे हराम नाही. परंतु कापड फाडण्यापूर्वी आपण गज लावतो. तसाच येथेही आधी मोजा, आपली गाडी रोज किती वजन उचलते आणि कोणत्या रस्त्याने जाते. तवक्कल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे. भाइयांनो, आज घरी गेल्यावर एवढे एकच करा, आपल्या गाडीच्या टायरच्या आतल्या कडेवरून एकदा हात फिरवा.