सिम्युलेटर एकमेकांशी बोलणार कसे? लष्करी सराव प्रणालींच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न

वेलचेरी (चेन्नई) : वेलचेरीलगतच्या सेंट थॉमस माउंट परिसरात लष्कराची अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, तांबरमला हवाई दलाचा तळ, तर आवडीला रणगाड्यांचा कारखाना व संशोधन संस्था. एकाच महानगराच्या परिघात नांदणाऱ्या अशा संस्थांचे सिम्युलेटर एका आभासी रणभूमीवर उतरवायचे ठरले, तर अंतराचा अडसर फारसा नसतो. खरी अडचण येते ती माहितीच्या मांडणीची.

प्रत्येक उत्पादक स्थान, वेग आणि मारा यांची नोंद आपापल्या पद्धतीने करतो. एका प्रणालीने रणगाड्याचे स्थान अक्षांश-रेखांशात कळवले आणि दुसरीने तेच आकडे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे मीटर म्हणून वाचले, तर रणगाडा थेट भूगर्भात जाऊन बसतो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या संरक्षण विभागाने १९९० च्या दशकात ‘हाय लेव्हल आर्किटेक्चर’ ही रचना विकसित केली. २००० मध्ये ती ‘आयईईई १५१६’ हे मानक बनली. २०१० मध्ये तीत सुधारणा झाली. या रचनेत सिम्युलेटर परस्परांशी थेट न बोलता मधल्या सॉफ्टवेअरमार्फत माहिती देतात. कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची, हे आधीच ठरलेले असते. एखाद्या रणगाड्याचे स्थान बदलण्याचा अधिकारही एका वेळी एकाच प्रणालीकडे असतो.

‘नाटो’नेही ही रचना स्वीकारली असून तिच्या अभ्यासगटाने मुक्त स्रोत चाचणी प्रणाली तयार केली आहे. उत्पादकाने आपली प्रणाली काय पाठवते व काय स्वीकारते, याचे निवेदन आधी द्यायचे. मग चाचणी प्रणाली त्याच जाळ्यात सामील होऊन प्रत्यक्ष वर्तन त्या निवेदनाशी ताडून पाहते. साधन खुले असल्याने अधिकृत चाचणीपूर्वी उत्पादकाला घरच्या घरी तालीमही करता येते.

मात्र, प्रमाणपत्र म्हणजे व्याकरण शुद्ध असल्याचा दाखला. आशयाची हमी नव्हे. दोन प्रणालींतील भूप्रदेशाचे नकाशे वेगळे असतील, तर एकाच्या पडद्यावर टेकडीआड दडलेला रणगाडा दुसऱ्याच्या पडद्यावर उघड्यावर दिसतो. अशा सरावातून प्रशिक्षणार्थी चुकीचा धडा घेऊन बाहेर पडतो, आणि तो धडा पुढे खऱ्या रणांगणावर जातो.

भारतात संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सिम्युलेटरच्या वाढीव वापराचा आराखडा जाहीर केला. उद्या अहिल्यानगरचे चिलखती दल आणि देवळालीचा तोफखाना एका आभासी सरावात आणायचे झाल्यास मानकाची अट मूळ निविदेतच असावी लागेल. अन्यथा जोडणीचा खर्च नंतर, तोही उत्पादक सांगेल त्या दराने, करावा लागेल.