झाशीतील मराठी घर

झाशी म्हटले, की राणी लक्ष्मीबाईंचा पराक्रम आठवतो. परंतु त्याआधी शतकभर तेथे मराठी माणसांचा संसारही रुजला होता. १७४२ मध्ये नारोशंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीत आले. पुढे ही सुभेदारी मूळच्या कोकणातील नेवाळकर घराण्याकडे गेली.

परमुलखात आलेल्या या कुटुंबांनी आपली दैवते व सणवार सोबत आणले. तटबंदीतील लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले, की लक्ष्मी तलावाकाठी नेवाळकरांच्या कुलदेवतेचे, महालक्ष्मीचे मंदिर लागते. १८५३ मध्ये निधन पावलेल्या गंगाधररावांची छत्रीही या तलावाजवळच आहे.

नेवाळकरांनी शहरात बांधलेला वाडा ‘राणी महाल’ म्हणून ओळखला जातो. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर लक्ष्मीबाई किल्ला सोडून या वाड्यात राहिल्या. मधला चौक आणि वरच्या मजल्यावरील दरबार-दालनातील फुलापक्ष्यांची रंगीत चित्रे त्या राहत्या घराची साक्ष देतात. १८५८ नंतर मात्र त्यांचे दत्तक पुत्र दामोदरराव निराधार झाले. त्यांचे पुढील आयुष्य इंदुरात गेले. झाशीचा वारसा त्यांना परत मिळाला नाही.

आज हा वाडा संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे. वास्तू उरली, तिच्यात नांदणारे घराणे मात्र दुरावले.