सुरतेचे फार्बस आणि इतर फोर्ब्स

एका आप्ताच्या लग्नकार्यासाठी सुरतेस गेलो असता, जेवणानंतरच्या पानसुपारीच्या बैठकीत माझी जी फजिती झाली, ती वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

बोलणे सुरतेच्या तहावर आले होते. 6 मार्च 1775 रोजी झालेल्या त्या तहाने राघोबादादांनी पेशवेपदाच्या आशेने साष्टी आणि वसई इंग्रजांस देऊ केली. हे सांगता सांगता मी ऐटीत म्हणालो, “दादांच्या मदतीस गेलेल्या इंग्रजी फौजेबरोबर फोर्ब्स होता. तोच पुढे डभोईचा कलेक्टर झाला आणि त्यानेच ‘रासमाळा’ लिहिली.” शेजारी सुपारी कातरत बसलेल्या एका वृद्ध सुरती गृहस्थांचा अडकित्ता थांबला. “ना साहेब, ए तो बीजा फार्बस! तुमचे फोर्ब्स 1819 साली वारले. आमचे फार्बस साहेब जन्मले 1821 साली.”

बैठकीत हशा पिकला. मीही हसलो, पण मनात खजील झालो. तीन पिढ्या गुजरातेत काढून दोन फोर्ब्स मला वेगळे ओळखता येऊ नयेत? घरी परतताच पुस्तके काढून बसलो.

माझा फोर्ब्स तो जेम्स. वयाच्या सोळाव्या वर्षी कंपनीचा कारकून म्हणून तो मुंबईस निघाला, 1775 च्या स्वारीत कर्नल कीटिंगचा चिटणीस झाला, आणि 1780 पासून 1783 पर्यंत डभोईस अंमल करीत होता. सालबाईच्या तहाने डभोई मराठ्यांकडे परत आली. जाताना त्याने तेथील जुन्या कोरीव कामाचे काही दगड मागून घेतले आणि विलायतेत आपल्या बागेतल्या मंडपात बसवले. पाहिले ते लिहावे आणि चितारावे, हा त्याचा छंद. 1813 साली त्याचे ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ चार खंडांत निघाले. फ्रान्सचा पुढे गाजलेला लेखक मोंतालांबेर हा त्याच्या मुलीचा मुलगा.

सुरतकरांचे फार्बस ते अलेक्झांडर किनलॉक. घराणे स्कॉटलंडातील अ‍ॅबर्डीन प्रांताचे. आरंभीची नोकरी अहमदनगर व खानदेश या आपल्या मुलखात. पुढे अहमदाबाद आणि सुरत. कवी दलपतराम यांना बरोबर घेऊन त्यांनी गावोगावच्या पोथ्या, भाटचारणांची कवने आणि शिलालेख जमवले. 1848 साली अहमदाबादेस गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी स्थापली. 1856 साली ‘रासमाळा’ प्रसिद्ध झाली. पुढे ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश आणि विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गुजरातचा हा मित्र 31 ऑगस्ट 1865 रोजी वारला तो मात्र आपल्या पुण्यास! दलपतरामांनी ‘फार्बसविरह’ हे शोककाव्य रचले.

तिसरी शाखा व्यापाऱ्यांची. अ‍ॅबर्डीन प्रांतातूनच आलेल्या जॉन फोर्ब्सने 1767 साली मुंबईस पेढी घातली. कापसात आणि जहाजांत त्याने इतका पैसा केला की मायदेशी त्याला ‘बॉम्बे जॉक’ म्हणत. त्याच घराण्यातील सर चार्ल्स याचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलात आहे. पेढी टाटांकडे आणि मग शापूरजी पालनजींकडे गेली. पाटी फोर्ब्सचीच राहिली. कोटातल्या फोर्ब्स स्ट्रीटचा मात्र डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग झाला. आणि पुण्याजवळ कासारवाडीस वाफेची यंत्रसामग्री करणाऱ्या ‘फोर्ब्स मार्शल’चे नौशाद फोर्ब्स 2016-17 साली देशातील उद्योगपतींच्या महासंघाचे अध्यक्ष होते. नाव नौशाद, आडनाव फोर्ब्स. आडनावाला देशवेश नसतो हेच खरे.

बाहेर पाहावे तर ऑस्ट्रेलियात सर फ्रान्सिस या न्यायाधीशाच्या नावाचे फोर्ब्स हे गाव आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग शहराला नाव दिले ते जनरल जॉन फोर्ब्सने, आणि धनिकांच्या याद्या छापणारे 1917 सालचे नियतकालिक काढले तेही अ‍ॅबर्डीनकडच्याच एका फोर्ब्सने.

एवढ्या गर्दीत गुजरातने आपल्या जिभेवर घोळवून ‘फार्बस’ केला तो एकच. पेढीवाल्यांचा पैसा त्याच्यापाशी नव्हता. त्याच्या नावाचा रस्ताही मला ठाऊक नाही. पण ज्यांच्यात राहिला त्यांची भाषा तो शिकला आणि त्यांच्या पोथ्यांवरची धूळ त्याने झटकली. म्हणून मुंबईची गुजराती सभा आजही ‘फार्बस गुजराती सभा’ म्हणवते.

आपण मराठी मंडळी या गुजरातेत त्याच्यापेक्षा कितीतरी जुनी. वाडे बांधले, कचेऱ्या चालवल्या, भाजीबाजारापुरती गुजराती शिकलो. शेजाऱ्याची पोथी कितीजणांनी उघडली? माझ्यापुरते उत्तर त्या बैठकीत मिळाले.

त्या वृद्ध गृहस्थांना मी पत्र लिहिले, “मोटाभाई, बडोद्यास या, तुम्हांला माझ्या फोर्ब्सची डभोई दाखवतो.” उलट टपाली दोन ओळी आल्या : “जरूर येईन. तोवर आमच्या फार्बसची रासमाळा वाचून ठेवा.”

वाचायला घेतली आहे.