पनेटवरचा नंबर

मार्च लागला की इथे कार्ल्सरूहेच्या सुपरमार्केटमध्ये भारतीय द्राक्षं दिसायला लागतात. अर्ध्या किलोचं प्लॅस्टिकचं पनेट, त्यावर बारीक अक्षरात देशाचं नाव आणि शेजारी तेरा आकडी जीजीएन नंबर. हा ग्लोबलगॅप प्रमाणपत्राचा नंबर. वेबसाइटवर टाकला की प्रमाणपत्र कुणाच्या नावे आहे ते कळतं. असे नंबर दिसले की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे हात शिवशिवतात. दुकानातच टाकून पाहिला. नाशिकच्या एका निर्यातदाराचं नाव आलं. बाग कुणाची, ते काही कळेना.

निफाडच्या मामांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. "अरे, तो नंबर माल अडवायला असतो, पैसे पोचवायला नाही."

मामांचं बोलणं उगाच नाही. अपेडानं २००६ मध्ये 'ग्रेपनेट' सुरू केलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, त्या बागेच्या द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत, पास झाला तरच माल पुढे. व्यवस्था खरंच चांगली होती, आजही आहे. पण २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागायतदार याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ रोखायला वापरतात. आपल्याकडे तपासायच्या यादीत ते नव्हतंच! आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम नीट चालली, टेस्ट केस लिहायची राहिली. कंटेनर बंदरात अडकले, निर्यातदारानं मामांपुढे हात वर केले. वर्षभराचे पैसे गेले. विकास सोसायटीचं कर्ज तेवढं राहिलं, ते फेडायला चार वर्षं लागली.

त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. निर्यात शेतकऱ्यांच्या हातात आली, हे मोठंच पाऊल. तरी गारपीट, अवकाळी, लांबलेली जहाजं यांचा मार कुठे चुकतोय? २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून आली. नाशवंत माल दोन आठवडे जास्त पाण्यावर.

इथे जर्मनीत 'सोलावी' नावाचा प्रकार आहे, म्हणजे एकजुटीची शेती. सुरुवात १९८८ ची, हॅम्बुर्गजवळच्या बुशबेर्गहोफ या शेतावर. वर्षाच्या सुरुवातीला शेतकरी खर्चाचा हिशेब सगळ्यांपुढे मांडतो. सभासद तो वाटून घेतात, दरमहा ठरलेली रक्कम देतात आणि पिकेल ते वाटून नेतात. बऱ्याच ठिकाणी कुणी किती द्यायचे ते चिठ्ठीवर लिहितात, ऐपत असेल तो जास्त लिहितो. बेरीज कमी पडली तर पुन्हा चिठ्ठ्या. गेल्या वर्षी आम्हीही असं नाव घातलं. मे महिन्यात गारा पडल्या, तीन आठवडे पिशवीत नुसते बटाटे आणि मुळे. बायकोनं मुळ्याचे पराठे करून करून हात टेकले. हप्ता मात्र एकानंही थांबवला नाही.

निर्यातीची द्राक्षं अशी विकता येणार नाहीत, ते मला कळतं. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मामांनी पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर नावं घेऊन थेट पेट्या पोचवल्या होत्या. ती यादी अजून त्यांच्या फोनमध्ये आहे. त्यातल्या पन्नास घरांनी ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच पैसे दिले तर?

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि गारपीट झाली, तर ते पैसे परत नाही मागायचे?"

"इथे नाही मागत, मामा."

"तिथलं राहू दे. पुण्याचं बोल."

यादी त्यांनी रात्रीच पाठवली. येत्या रविवारी पहिले दहा फोन मी लावणार आहे.