दारात बसलेली मांजर

"शाळेत तुला कोणी त्रास देते का?" असे सरळ विचारले तर बहुतेक मुले मान हलवून "नाही" म्हणतात. सांगितले तर अम्मी शाळेत जाईल, अब्बू चिडतील आणि उद्या वर्गात आणखी हसे होईल, हा हिशोब सात-आठ वर्षांच्या मुलालाही कळतो. म्हणून पालकांना आम्ही एक आडवाट सुचवतो. घरात किंवा गॅलरीत मांजर असेल तर आधी तिच्याविषयी बोला.

परळ, लालबाग, गिरगावच्या चाळींत मांजर मुद्दाम पाळावे लागत नाही. बोंबील-बांगडा आणला त्या दिवशी ती उंबरठ्यावर हजर होते आणि हळूहळू चार बिऱ्हाडांची होऊन जाते. आपल्या घरांत तर मांजराला पूर्वीपासून मुभा. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे ते नावच मांजराच्या पिलावरून पडलेले. एका मजल्यावर दोन-तीन मांजरे असली की दादागिरी कशी चालते हे मुलांना रोज पाहायला मिळते.

आणि ती मारामारीत दिसत नाही, हीच पाहण्यासारखी गोष्ट. दांडगा बोका बहुधा पंजा उगारतच नाही. तो फक्त दारात आडवा बसतो आणि टक लावून पाहतो. पलीकडे दुधाची वाटी आहे, पण दुसरी मांजर पुढे येत नाही. घरच्यांना वाटते, दोघे किती शांत बसलेत! इथे मुलाला विचारा, "ती दूध प्यायला का जात नाही?" मुले अचूक उत्तर देतात. "तो बघतोय ना तिच्याकडे." वर्गात शेवटच्या बाकावरून कोणी नुसते पाहत राहते किंवा शौचालयाच्या दारात तिघे उभे असतात, तेव्हा काय होते हे त्या मुलाला माहीत असते. फक्त बाईंना सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात, कारण "त्याने मारले का?" या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे असते.

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या खुणा तीन: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोघांची ताकद सारखी नसते. बरोबरीच्या दोन मुलांचे पेन्सिलीवरून भांडण झाले तर ती दादागिरी नव्हे. आईबापांनी हा फरक लक्षात ठेवला तर निम्म्या तक्रारी घरातच मिटतात आणि उरलेल्या निम्म्या गंभीरपणे घेता येतात.

दबलेल्या मांजराची लक्षणेही पाहून ठेवावीत. ती खाणे कमी करते, कपाटामागे लपते, ठरलेली जागा सोडून भलतीकडे घाण करते. घरचे म्हणतात, मांजर बिघडली. मुलाचा डबा न खाता परत येतो, सोमवारी सकाळी पोट दुखते, शाळेत लघवीला न जाता ते घरी धावत येते, तेव्हाही आपण असेच म्हणतो.

आणखी एक प्रकार आहे. खिडकीबाहेर परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग आतली मांजर शेजारी झोपलेल्या दुसरीवरच झडप घालते. शाळेतून आल्याआल्या धाकट्या बहिणीला चिमटे काढणारा मुलगा असाच कुठून तरी राग घेऊन आलेला असू शकतो. बहिणीला वाचवायचेच, पण नंतर खिडकीबाहेर कोण होते तेही विचारायचे.

परळला प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १८७४ मध्ये स्थापन झालेली संस्था ते चालवते. शेजारीच १८८६ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय. मांजर अचानक बदलली तर आधी तिथे दाखवून आणावे, कारण दुखण्यानेही ती चिडते. मुलाला सोबत न्यावे. वागणे बिघडले म्हणून आधी ओरडायचे नसते, तपासायचे असते, हे त्याला तिथे पाहायला मिळते.

दुखणे नसेल तर उपाय साधे आहेत. दोघींना एका खोलीत कोंडून "आपापसात मिटवा" म्हणायचे नाही. त्याने भीती वाढते. (शाळेत दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावतात, तेही आम्हाला पटत नाही.) वाट्या वेगळ्या ठेवायच्या, उंचावर एक जागा करून द्यायची आणि बोक्याला दारातून उठवायचे. शहाणी मांजर बोक्याशी झुंजत नाही, माणसे असतील तिथे येऊन बसते. मुलालाही हेच सांगावे: वाट बदल, एकटा राहू नकोस, मोठ्यांजवळ ये. पण दारातून बोक्याला उठवणे हे मांजरीचे काम नाही, घरच्यांचे आहे. शाळेतही ते मोठ्यांचेच आहे.

एका ठिकाणी मात्र ही उपमा तोकडी पडते. बोका मांजरीला तिच्या नावावरून हिणवत नाही. आपल्या मुलांना "पाकिस्तानी" म्हणून चिडवले जाते, हे नाझिया इरम यांनी 'मदरिंग अ मुस्लिम' या पुस्तकात अनेक कुटुंबांशी बोलून मांडले आहे. अशा वेळी "दुर्लक्ष कर" म्हणणे म्हणजे बोक्याला दारातच बसू देणे. तारीख, शब्द, कोण हजर होते, हे वहीत लिहावे आणि मुख्याध्यापकांना लेखी द्यावे. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत टिंगल आणि वाईट टोपणनावे यांची मनाई आहे. ती आपल्या मुलांनाही लागू आहे. जाड्या, काळ्या, तोतऱ्या हे शब्द आपल्या घरांतूनही शाळेत जातात.

तक्रार आपल्याच मुलाविरुद्ध आली तर? अत्याचार करणाऱ्या भावालाही मदत करा, म्हणजे त्याचा हात रोखा, असे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. त्या मुलाला बोक्याची गोष्ट सांगताना बोक्याला दुष्ट ठरवू नका. तो भुकेला होता का, घाबरला होता का, हेही त्यालाच विचारा.

शाळा ऐकत नसेल किंवा मूल घरी बोलायलाच तयार नसेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मोफत क्रमांक आहे. ही सेवा १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. मुलाला तो तोंडपाठ करून द्यावा आणि फोन त्याने स्वतः केला तरी घरात कोणी रागावणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे.