काळी बुरशी काळी नसतेच

2021च्या उन्हाळ्यात मोबाईलवर एक संदेश देशभर फिरला: कांद्याच्या सालीवरच्या काळ्या भुकटीमुळे 'म्युकर', म्हणजे म्युकरमायकोसिस किंवा 'काळी बुरशी' हा आजार, होतो. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ असलेल्या सोलापुरात हा आळ भलताच झोंबणारा होता. आणि खोटाही. कांद्यावरची काळी भुकटी अॅस्परजिलस नायजर या बुरशीची. म्युकरमायकोसिसची मुख्य गुन्हेगार रायझोपस ही वेगळी बुरशी, तिची वाढ पांढरट-करडी.

रायझोपस मातीत, शेणखतात, शिळ्या भाकरीवर असते. तिचे बीजाणू आपण सगळेच श्वासावाटे घेतो. बहुतेक बुरशींना आपल्या अंगाची 37 अंशांची ऊबच सोसत नाही. कुजत्या ढिगाच्या उबेत वाढणाऱ्या हिला ती सोसते. तरीही धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी तिला पुरून उरतात. शिवाय तिला लोह लागतं आणि आपलं रक्त ते ट्रान्सफेरिन या प्रथिनात जखडून ठेवतं.

शुगर बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी झालं की ही पकड सैल होते. लोह मोकळं होतं. त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-78 हे प्रथिन वाढतं आणि बुरशीचं कॉटएच प्रथिन नेमकं त्यालाच चिकटतं. त्यात स्टेरॉइड पडलं की पांढऱ्या पेशी मंदावतात, शुगर आणखी चढते. कोविडमध्ये हे सगळं एकदम जुळून आलं. बुरशी होती तीच होती, बदललो आपण. कोविडच्या आधीही भारतात या आजाराचं प्रमाण जगाच्या सुमारे 70 पट असल्याचा अंदाज होता. मधुमेहाकडे आपण किती दुर्लक्ष करतो, ते यात आलंच.

बुरशी रक्तवाहिनीत शिरते, गुठळी होते, पुढचं मांस मरून काळं पडतं. 'काळी बुरशी' हे नाव पडलं ते या काळेपणावरून. तुंबलेल्या वाहिनीतून औषधही पोचत नाही, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागते. कुणाचा जबडा जातो, कुणाचा डोळा. मे 2021मध्ये केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं, तेव्हा या बुरशीवरच्या अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते.

शुगर असलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल दुखू किंवा बधिर होऊ लागला, नाकातून काळपट स्राव आला, दात हलू लागले, डोळा सुजला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा. आणि घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने कुणालाही देऊ नका.