बँकेच्या खिडकीमागची नोकरी : प्रशिक्षण कोणते आणि कोणाच्या फायद्याचे?

आपल्या वस्तीतल्या माणसाची बँकेशी पहिली ओळख रांगेत होते. पैसे काढण्याची स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यायची, पासबुक हातात घट्ट धरायचे आणि खिडकीपलीकडचा माणूस 'मागच्या टेबलावर जा' म्हणाला की मुकाट्याने मागे जायचे. म्हणूनच आपला मुलगा किंवा मुलगी त्या खिडकीमागे बसलेली पाहावी, ही आईबापांची इच्छा केवळ पगाराची नसते. आज या इच्छेचाच व्यापार मांडला गेला आहे. त्या व्यापारात न कळत मीही हातभार लावला, म्हणून हे लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात एका प्रशिक्षण संस्थेचा प्रतिनिधी आला. तीन महिन्यांचे बँकिंग प्रशिक्षण, शंभर टक्के नोकरी, असे त्याचे पत्रक होते. ते मी स्वतः फलकावर लावले. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. मास्तरकी, तलाठी, पोलीस आणि बँक या चारांपलीकडे नोकऱ्यांची नावेही मला कोणी सांगितली नव्हती. त्यामुळे 'बँक' हा शब्द दिसल्यावर पुढचे प्रश्न विचारायचे मला सुचले नाही. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीची आई मला भेटायला आली. "सर, पोरीला ब्यांकीत लावायलेत म्हणं. भरू का पैसे?" तिने विचारले. मी 'भरा' म्हणालो. गळ्यातले गहाण पडले, वर कर्ज झाले.

नोकरी मिळाली, हे खोटे नव्हते. पण नेमणूकपत्र बँकेचे नव्हते, माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराचे होते. मुलीला खिडकी मिळाली नाही, एक पिशवी मिळाली. दारोदार फिरून खाती उघडायची, विमा विकायचा आणि महिन्याचे टार्गेट चुकले की शिव्या खायच्या. चार महिन्यांत ती परत आली. हप्ते मात्र चालूच राहिले.

हे असे का होते, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी ६ बँकांचे. त्यानंतर शाखा गावोगाव गेल्या आणि भरतीत राखीव जागाही आल्या. मिलिंद आणि सिद्धार्थसारख्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले कितीतरी तरुण बँकेत कारकून, रोखपाल झाले. चळवळीच्या नियतकालिकांची वर्गणी बरीचशी त्यांच्याच पगारातून आली, हे विसरता येणार नाही. १९९१ नंतर वारे बदलले. नव्या खाजगी बँका उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भरतीत आरक्षण नाही. 'बँकेतली नोकरी' या एकाच नावाखाली आज दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि आपल्या विद्यार्थ्याला त्यांतला फरक कोणी सांगत नाही.

पहिली वाट परीक्षेची. सार्वजनिक बँकांतील लिपिकांची भरती २०११ पासून आय.बी.पी.एस. या संस्थेच्या सामाईक परीक्षेतून होते. स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते. आता या पदाला 'ग्राहक सेवा सहयोगी' असे भारदस्त नाव दिले आहे, पण काम खिडकीचेच. पदवी कोणत्याही शाखेची चालते. वय २० ते २८, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत. पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न आणि ६० मिनिटे : इंग्रजी, अंकगणित आणि तर्क. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. इंग्रजीचा भाग सोडला तर ही परीक्षा मराठीतूनही देता येते. महाराष्ट्रातल्या जागेसाठी मराठी येते की नाही, हेही तपासले जाते.

यातली एक गोष्ट मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगतो. लिपिकाच्या भरतीत आता मुलाखत नाही. वरवर ही बाब लहान वाटेल. पण सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेला अभ्यास पाहा. खाजगी कंपन्यांचे भरती अधिकारी जात विचारत नाहीत, 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतात. वडील काय करतात, घर कोठे आहे, भावंडे किती शिकली. त्याच अंकात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी दाखवून दिले, की पात्रता तीच असूनही अर्जावर दलित आडनाव असले तर बोलावणे कमी येते. 'व्यक्तिमत्त्व विकासा'च्या वर्गात टाय बांधायला आणि इंग्रजीत हसायला शिकवतात, ते या प्रश्नाचे उत्तर लपवण्यासाठी. मग बापाचा धंदा लपवायला शिकवण्याची फी आपण का भरायची?

दुसरा फरक पैशांचा. सार्वजनिक बँकेत आधी निवड होते, मग प्रशिक्षण, आणि त्या काळात पगार मिळतो. दुसऱ्या वाटेवर आधी फी, मग प्रमाणपत्र, मग दिसेल ते काम. खाजगी बँकेतली प्रत्येक नोकरी फसवी असते असे मी म्हणत नाही. तिथे चांगले स्थिरावलेले माझे विद्यार्थी आहेत. पण पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारा : नेमणूकपत्र कोणाच्या सहीचे? काम खिडकीवरचे की विक्रीचे? नोकरी सुटली तर कर्ज कोणाच्या नावावर? कोणी 'जे.ए.आय.आय.बी. करून देतो' म्हणाला तर सरळ उठून या. ती परीक्षा बँकेत लागलेल्या कर्मचाऱ्यांसाठीच असते. सार्वजनिक बँकांची वर्षभराची शिकाऊ उमेदवारी वेगळी. तीत विद्यावेतन मिळते आणि काम शिकता येते, पण पुढे नोकरीची हमी नसते.

आणि मुळात हे काम असते तरी काय? गेल्या वर्षापासून आम्ही दर शनिवारी दोन तास वर्ग घेतो. फी नाही. जिल्ह्यातल्या एका सरकारी बँकेत खिडकीवर बसणारा आमचा जुना विद्यार्थी येतो. पहिल्या दिवशी त्याने कागदाच्या १०० चिठ्ठ्यांची गड्डी सर्वांना हाताने मोजायला लावली. कोणाच्या ९७ भरल्या, कोणाच्या १०२. "कमी भरले तर माझ्या खिशातून जातात," तो म्हणाला. मग बनावट नोट. खिडकीवर आलेली बनावट नोट परत द्यायची नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची आणि आणणाऱ्याला पोच द्यायची. एका व्यवहारात ४ पर्यंत असतील तर महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवायचे, ५ किंवा जास्त असतील तर गुन्हा नोंदवण्यासाठी लगेच. मळक्या-फाटक्या नोटा बदलून देणे हे शाखेचे काम आहे, मग माणूस खातेदार असो वा नसो. चेकची मुदत ३ महिने. कागदपत्रे नसलेल्या माणसाचे 'छोटे खाते' उघडता येते : शिल्लक ५०,००० पर्यंत, महिन्याला १०,००० पर्यंत काढता येतात. मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही.

हे ऐकताना एक मुलगा मध्येच बोलला, "म्हणजे माझ्या आजीला खोटंच सांगितलं होतं." फाटकी नोट घेऊन गेलेल्या आजीला 'तुमचं खातं इथं नाही' म्हणून शाखेतून परत पाठवले होते. त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही. प्रत्येकाकडे अशी एक आजी निघाली.

दर १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथाचे नाव घेतो. घ्यायलाच हवे. पण समोर सतरंजीवर बसलेल्या पोराला चेकची मुदत त्या व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. विहारात रविवारी रिकामी खोली असते, बँकेतून निवृत्त झालेली आपली माणसे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. अंकगणित आणि तर्क शिकवायला एक फळा पुरतो. इंग्रजीला वेळ लागतो, तो द्यावा लागेल. त्याला मला तरी दुसरा उपाय सापडलेला नाही. शिवाय बँकभरतीच्या जाहिरातीत अनुसूचित जाती-जमातींसाठी परीक्षेपूर्वीच्या मोफत प्रशिक्षणाची तरतूद असते आणि अर्जात तसे नोंदवावे लागते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो रकाना रिकामा सोडला होता, कारण त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता.

ती मुलगी आता शनिवारच्या वर्गाला येते. सकाळी एका दुकानाचे हिशेब लिहिते, त्यातून हप्ता भरते. या वेळचा अर्ज तिने माझ्याच खोलीत बसून भरला. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाचे ते जाड कागदाचे प्रमाणपत्र तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवले आणि विचारले, "सर, हे कुठं लिहायचं?" आम्ही दोघांनी अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यासाठी रकानाच नव्हता.